पदवीचा विषय विद्यार्थीच आखतो तेव्हा...

'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाच्या शब्दकोड्यांची सूत्रे १९९३ मध्ये हाती घेणारे विल शॉर्ट्झ यांची पदवी कोणत्या विषयातील, असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर मिळते - 'एनिग्मॅटॉलॉजी', म्हणजे कूटशास्त्र! या नावाचा विभाग अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नव्हता. तेथील स्वतंत्र अभ्यासक्रम योजनेखाली शॉर्ट्झ यांनी तो विषय स्वतः आखला. कोड्यांचे गणित, त्यामागील मानसशास्त्र, शब्दकोड्यांची रचना असे अभ्यासघटक निरनिराळ्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली पुरे केले आणि १९७४ मध्ये ते पदवीधर झाले.

आपल्याकडे ज्याला 'स्पेशल' विषय म्हणत, त्यास अमेरिकेत 'मेजर' म्हणतात. तो अर्थशास्त्र, रसायनशास्त्र असा ठरीव असतो. पण अनेक विद्यापीठांत एक पळवाटही असते. पळवाट म्हणणे कदाचित अन्यायाचे ठरेल, कारण ती राजमार्गापेक्षा खडतर आहे.

या प्रथेची मुळे १९६०च्या दशकातील विद्यार्थी असंतोषात सापडतात. ब्राऊन विद्यापीठात आयरा मॅगझिनर आणि इलियट मॅक्सवेल या दोन विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन पदवी शिक्षणाच्या पुनर्रचनेचा जाडजूड अहवाल तयार केला. त्यावर बराच खल झाल्यानंतर १९६९ मध्ये प्राध्यापकवर्गाने 'मुक्त अभ्यासक्रम' स्वीकारला. सर्वांना सक्तीचे असलेले सामायिक विषय गेले आणि स्वतःचा विषय मांडण्याचा मार्गही खुला झाला. न्यूयॉर्क विद्यापीठात १९७२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे गॅलाटिन स्कूल या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या शाखेने तर स्वतःचा विषय आखणे हाच नियम केला.

प्रत्यक्षात विद्यार्थ्याला करावे काय लागते? मार्गदर्शक प्राध्यापक शोधावा लागतो, कोणत्या सत्रात कोणते अभ्यासघटक घेणार याची यादी द्यावी लागते आणि समितीपुढे सविस्तर प्रस्ताव ठेवावा लागतो. यातील कळीचा प्रश्न एकच : अस्तित्वात असलेल्या एखाद्या विभागात, किंवा दोन विषय एकत्र घेऊन, हे का जमणार नाही? बहुतेक कच्चे प्रस्ताव येथेच अडखळतात. 'मला पर्यावरण आणि समाजशास्त्र दोन्ही आवडते' ही आवड झाली, विषय नव्हे. याउलट, २६ जुलै २००५ चा जलप्रलय ऐकत-पाहत वाढलेला मुंबईचा एखादा विद्यार्थी 'भराव घालून वाढलेल्या किनारी शहरांत पाणी का तुंबते आणि त्याची जबाबदारी कोणाची' असा प्रश्न घेऊन गेला, तर जलशास्त्र, नगररचना, कायदा आणि इतिहास यांची सांगड आपोआप पटते. प्रश्न नेमका असेल, तरच विषयांची गोधडी होत नाही.

शेवटची कसोटीही असते. गॅलाटिनमध्ये वीस-पंचवीस ग्रंथांची यादी विद्यार्थी स्वतः करतो आणि त्यावर प्राध्यापकांसमोर तोंडी चर्चेला बसतो. नेहमीच्या विषयात पाठ्यक्रमाचा सांधा विभागाने जुळवलेला असतो. येथे तो विद्यार्थ्यालाच जुळवून दाखवावा लागतो.

महाराष्ट्रातील पालकांचा येथे एक गोंधळ होतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून 'मेजर', 'मायनर', खुले वैकल्पिक विषय अशी रचना आली. निवड वाढली, हे खरे. पण ती तयार ताटांतील निवड आहे. विषयाची व्याख्याच विद्यार्थ्याने करणे ही वेगळी गोष्ट होय.

परदेशी जाणाऱ्यांसाठी खरी जोखीम मात्र कागदावर असते. अमेरिकेत प्रत्येक पदवीला एक अधिकृत वर्गीकरण क्रमांक असतो. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला पदवीनंतर १२ महिने काम करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या गटातील क्रमांक असेल, तर २०१६ च्या नियमाने आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळण्याची सोय झाली. विद्यार्थी संगणकशास्त्राचे कितीही घटक शिकलेला असो, पदवीचा क्रमांक त्या गटाबाहेरचा असेल, तर ती मुदतवाढ हातची जाते. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या घराला या दोन वर्षांची किंमत सांगावयास नको.

परत येऊन अध्यापनात पडायचे असले, तरी 'संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी' ही अट आडवी येते. 'किनारी शहरे आणि न्याय' ही पदवी भूगोलाची की कायद्याची? हा पेच पुढे एखाद्या रूढ विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊन सुटू शकतो. शॉर्ट्झ यांनीही नंतर व्हर्जिनिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती. वकिली मात्र केली नाही.

म्हणूनच प्रस्ताव लिहावयास बसण्यापूर्वी दोन गोष्टी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्याव्यात. पदवी प्रमाणपत्रावर आणि गुणपत्रिकेवर विषयाचे नाव नेमके काय छापले जाईल, आणि तिला वर्गीकरण क्रमांक कोणता मिळेल. काही ठिकाणी विद्यार्थ्याने दिलेले नाव छापलेच जात नाही. 'आंतरविद्याशाखीय अभ्यास' एवढाच मोघम उल्लेख असतो.