अन्नाची पेढी

भाव पडला म्हणजे तोडणीची मजुरीही निघत नाहीं. मग टोमॅटो बांधावर व कोबी गुरांपुढें जातो. त्याच दिवशीं शहरांत कित्येक घरीं चूल पेटत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं दुकानें, उपाहारगृहें व घरें मिळून जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वाया गेलें. शेतांत कुजलेला माल यांत धरलेलाच नाहीं. या विसंगतीवर अमेरिकेंतील फिनिक्स शहरांत जो उपाय निघाला, तो कास्तकार बंधूंनीं समजून घेण्याजोगा आहे.

तेथील एका अन्नछत्रांत जॉन व्हान हेंगेल नांवाचे गृहस्थ विनावेतन काम करीत. झाडांवर राहून गेलेलीं संत्र्या-लिंबांचीं फळें ते गोळा करून आणीत. दुकानदार टाकून देतात त्या मालांत पुष्कळसा चांगला असतो, हें एका गरीब मातेनें त्यांस सांगितलें. पैशाप्रमाणें अन्नाचीही पेढी असावी, ही सूचनाही तिचीच. सेंट मेरी या ख्रिस्तमंदिरानें रिकामी पडलेली बेकरीची जागा दिली आणि १९६७ सालीं पेढी उघडली. जगांतील पहिली अन्नपेढी म्हणून तीच ओळखली जाते.

अन्नछत्र शिजवून वाढतें. पेढीचें काम निराळें. ती शिल्लक माल उतरून घेते, नासका निवडून काढते, वजन व मुदत पाहून जमेस धरते आणि अन्नछत्रें, अनाथालयें यांच्या खातीं खर्ची टाकते. दात्यास खटल्याची भीति असे. १९९६ सालच्या अमेरिकी कायद्यानें, घोर हयगय नसल्यास, सद्भावनेनें दिलेल्या अन्नाबद्दल त्यास जबाबदारींतून मोकळें केलें. आपल्या देशांतही २०१९ सालीं शिल्लक अन्नाच्या वांटपाचे नियम झाले असून, घेतल्या-दिल्या अन्नाची नोंद ठेवणें त्यांत आवश्यक केलें आहे.

अशा पेढीनें दारिद्र्य हटत नाहीं, व पडलेला भावही चढत नाहीं. तथापि मालाची माती होणें टळतें. मात्र आधींच बुडालेल्या शेतकऱ्यानें तोडणी व गाडीभाडें पदरचें घालून दान करावें, ही अपेक्षा अन्यायाची होय. तो खर्च माल नेणाऱ्या संस्थेनें सोसावा. शिवाय दिलेला माल मागल्या दारानें बाजारांत विकला गेला, तर भाव आणखीच कोसळेल. म्हणून प्रत्येक खेपेस वजनाची पावती व माल पोंचल्याची पोंच घ्यावी. या दोन अटी आपल्या संघानें हंगामापूर्वींच शहरांतील अन्नछत्रांशीं लेखी ठरवून घेतल्यास, पुढील मंदींत पिकलेलें अन्न उकिरड्यावर न जातां भुकेल्याच्या मुखीं पडेल.