छपरावरची खिडकी

आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या वळणावर एका जमीनदाराने १६९९ साली मजूर लावले, ते फक्त दगडांसाठी. शेतातलं टेकाड आयतं दगडांनी भरलेलं होतं. उपसता उपसता वेटोळी कोरलेली एक भलीमोठी शिळा लागली आणि तिच्यामागे अंधारात शिरणारी वाट. न्यूग्रेंजचं थडगं असं उघडं पडलं. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड लॉइड योगायोगाने त्या भागात होते. ते आत शिरले आणि जे दिसलं ते त्यांनी लिहून ठेवलं, हे आपलं भाग्यच.

पण माहीत होणं वेगळं आणि राखलं जाणं वेगळं. पुढची पावणेदोनशे वर्षं तिथे कोणीही यावं, दगड न्यावेत, भिंतींवर नावं कोरावीत, अशी स्थिती होती. खासदार जॉन लबक यांनी चिकाटीने लावून धरलेला प्राचीन स्मारकांचा कायदा १८८२ साली ब्रिटिश संसदेत मंजूर झाला आणि त्याच्या पहिल्याच यादीत न्यूग्रेंज होतं.

पुढे १९६२ साली कॉर्कचे प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. टेकाड सुमारे ८५ मीटर व्यासाचं, वय पाच हजार वर्षांहून जास्त; म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. आत १९ मीटरची वाट आणि तिच्या टोकाला दालन. दालनाचं छप्पर शिळा एकीवर एक थोड्या आत सरकवत मिटवलेलं. पावसाचं पाणी आजही आत येत नाही. खाली दगडी परातींसारखी पात्रं, ज्यांत बहुधा मृतांच्या जळक्या अस्थी ठेवत असत.

प्रवेशाच्या वर मातीतून एका कोरीव शिळेची कड डोकावत होती. ती तिथे कशासाठी, ते कुणालाच उमगत नव्हतं. ओ'केलींनी भोवतीची माती काढली तेव्हा दाराच्या वर, छपरावर, दगडांची एक खिडकी निघाली. गारगोटीच्या चिऱ्याने ती बंद करत असत. चिरा सरकवून सरकवून खालच्या शिळेवर ओरखडे उठले होते. हे ओरखडे मला साऱ्या नक्षीकामाहून मोलाचे वाटतात. कोणीतरी ती खिडकी पुन्हा पुन्हा उघडत होतं. मेलेल्यांसाठी दार बंद केल्यावरही!

गावकरी सांगत, उगवता सूर्य आत कोरलेल्या तिहेरी वेटोळ्यापर्यंत पोचतो. कधी, ते कुणी सांगत नसे. ओ'केलींना आधी वाटलं, इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाची गोष्ट इथे चिकटली असावी. पण तिथला सूर्य उन्हाळ्यातला, आणि न्यूग्रेंजचं तोंड तर आग्नेयेला, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवतो. म्हणजे बघायचंच तर वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते कॉर्कहून गाडीने आले आणि एकटेच दालनात जाऊन थांबले.

सूर्य वर आला आणि काही मिनिटांत वरच्या फटीतून उन्हाची रेघ वाटेवरून सरळ दालनात शिरली. ती रुंदावत गेली, तशा भिंती, पात्रं, वरचं छप्पर, सगळं दिसू लागलं. एकदा पाहून त्यांचं समाधान झालं नाही. ते पुन्हा पुन्हा आले, १९६९ मध्ये घड्याळ लावून मोजलं: प्रकाश १७ मिनिटं टिकला, पट्टा १७ सेंटीमीटरपर्यंत रुंदावला. वाटेतल्या काही शिळा कालौघात आत झुकल्या आहेत. त्या ताठ होत्या तेव्हा पट्टा याहून मोठा पडत असणार.

यातली खरी कारागिरी जमिनीत आहे. वाट आत जाताना सुमारे दोन मीटर चढते, त्यामुळे दारातून आलेलं ऊन अर्ध्या वाटेतच संपतं. दालनाची जमीन मात्र खिडकीच्या पातळीला येते. दार माणसांसाठी, खिडकी सूर्यासाठी. चढाचा हा हिशेब चुकला असता, तर पाच हजार वर्षांत एकदाही आत उजेड पडला नसता.

जवळच डाउथ नावाचं तसंच टेकाड आहे. १८४७ मध्ये ते घाईने खणलं गेलं. तेव्हा कायदा नव्हता, नोंदी ठेवायची शिस्त नव्हती. माथ्यावर पडलेला खड्डा अजून तसाच आहे. त्याच्या एका दालनात हिवाळ्यातल्या त्याच दिवसांत मावळतीचं ऊन येतं. मधल्या भागात काय होतं, ते मात्र आता कुठल्याही उत्खननाने कळायचं नाही.