वादळाची वाट कळते, मग जोर का कळत नाही?

ओखी वादळ येणार म्हणून 5 डिसेंबर 2017 रोजी मुंबईतल्या शाळांना सुट्टी दिली गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे सुरत आणि डहाणूच्या दरम्यान ते किनाऱ्याला लागले, तेव्हा ते चक्रीवादळ उरलेच नव्हते. नुसते कमी दाबाचे क्षेत्र होते. ‘हवामान खात्याने उगाच घाबरवले’ ही प्रतिक्रिया अशा वेळी हमखास उमटते. मला ती अन्यायाची वाटते.

याच ओखीने आठवडाभर आधी नेमके उलटे रूप दाखवले होते. 29 नोव्हेंबरच्या सकाळी श्रीलंकेजवळ साधे डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची कमकुवत अवस्था), 30 च्या सकाळी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ. केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार त्याआधीच खोल समुद्रात गेले होते. अनेक जण परतलेच नाहीत. वाचलेल्या कितीतरी बोटी थेट आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. 2 डिसेंबरला वारा ताशी 150 ते 160 किलोमीटरवर गेला होता.

‘वाट बरोबर सांगता येते, तर जोरही सांगता आला पाहिजे’ हा समज सगळ्यांत जास्त पसरलेला. पण वादळाला ढकलणारे वारे हजारो किलोमीटरवर पसरलेले असतात. संगणकावरच्या गणितात ते चांगले पकडता येतात. जोर मात्र ठरतो वादळाच्या मध्यावरच्या डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत, काही दहा किलोमीटरच्या टापूत. तिथे तासाभरात चित्र पालटते.

‘समुद्र तापला की वादळ वाढणारच’ हेही अर्धेच खरे. पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर लागते, पण ती ऊब खोलवर हवी. वरचा थरच गरम असेल तर वादळ स्वतःच समुद्र घुसळून खालचे गार पाणी वर आणते आणि आपलीच रसद तोडते. खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे असेल, तर वादळाचा खांब कलतो. कोरडी हवा आत शिरली की ढगच विरतात. उत्तरेकडे सरकलेल्या ओखीला वरचे जोरदार वारे, कोरडी हवा आणि कमी ऊब असलेले पाणी, तिन्ही एकदम भेटले.

आणि उपग्रह? त्याला दिसतो ढगांचा माथा. त्यांच्या आकारावरून वाऱ्याचा अंदाज बांधायची ड्वोरॅक पद्धत आजही वापरात आहे, पण तो अंदाजच. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोच्या ओटिस वादळात अमेरिकेचे विमान प्रत्यक्ष शिरले, तेव्हा ते उपग्रहावरून वाटले त्यापेक्षा बरेच बळावलेले निघाले. आदल्या दिवशी ताशी सुमारे 100 किलोमीटरचा वारा असलेले ओटिस अकापुल्कोवर 260 च्या आसपास वेगाने आदळले. आपल्याकडच्या समुद्रांत अशी विमाने नेहमी उडत नाहीत.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘कमकुवत झाले, आता भीती नाही’. मे 2020 मध्ये अम्फान वादळ बंगालच्या उपसागरात ताशी 240 किलोमीटरपर्यंत पोचले आणि सुंदरबनाला लागेपर्यंत 155 ते 165 वर उतरले. तरी खारे पाणी बांध फोडून शेतात शिरले, कोलकात्यात हजारो झाडे पडली. आधी रेटलेले पाणी वाऱ्याइतक्या लवकर ओसरत नाही, शिवाय वाऱ्याचा घेरही मोठा होता. म्हणूनच हवामान खात्याच्या वादळाच्या इशाऱ्यात वाऱ्यासोबत लाटांची उंची, पाऊस आणि मच्छीमारांसाठीची सूचना वेगळी दिलेली असते. वाऱ्याचा आकडा उतरला तरी तो भाग शेवटपर्यंत वाचावा.