बरगड्यांचा भाता

पावसानं जोर धरला की भंडारा जिल्ह्यात गावं ओस पडतात आणि बांध्या माणसांनी भरतात. लाखांदूर तालुक्यातल्या अशाच एका बांधीत मीही रोवणीला उतरले. मी फिजिओथेरपिस्ट. रोवणी करणाऱ्या बायकांची पाठ मला दवाखान्यात नाही, चिखलात पाहायची होती.

दहाच मिनिटांत शेजारच्या आजींनी पाठीवर थाप मारली. "पाठ कायले वाकवतेस बाई? कमरेतून वाक ना!"

कमरेतून म्हणजे खुब्यातून. त्यांची स्वतःची पाठ जवळजवळ सपाट होती. डावं कोपर मांडीवर टेकलेलं, त्याच हातात पऱ्ह्यांची पेंढी. उजव्या हातानं दोन-तीन रोपं सोडवायची, अंगठ्यानं चिखलात रोवायची आणि एक पाऊल मागे. ओल्या पोलक्याखाली मणक्यांची टोकं दिसत होती. छातीच्या भागात ही टोकं कवेलूंसारखी एकावर एक खाली झुकलेली असतात. म्हणूनच तिथला कणा मागे फारसा वाकत नाही.

हे 12 मणके आणि त्यांना धरून बरगड्यांच्या 12 जोड्या. वरच्या 7 जोड्या छातीच्या मधल्या हाडाला थेट मिळतात, पुढच्या 3 वरच्या कूर्चेचा आधार घेतात, शेवटच्या 2 पुढून मोकळ्याच. श्वास घेताना वरच्या बरगड्या हापशीच्या दांड्यासारख्या पुढून उचलल्या जातात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला फाकतात. वाकल्यावर पोट दाबलं जातं, श्वासपटलाला खाली उतरायला जागा कमी पडते. मग भाता कुठून चालणार? बाजूनं आणि पाठीकडून. आजींच्या खालच्या बरगड्या दर श्वासाला रुंद होताना मी पाहत होते. आणि तशा वाकलेल्या अवस्थेत त्या गात होत्या, ओळीच्या शेवटापर्यंत, मध्ये न तुटता! टेकलेल्या कोपरामुळे खांद्याचा भार मांडीवर जातो आणि छाती जरा मोकळी राहते. ही युक्ती त्यांना कुणी शिकवलेली नाही.

पेंढी संपली की मागची उचलायला त्या वळत. ते वळण कंबरेचं नव्हे. कंबरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला 10 अंशांच्या आसपास वळतात. छातीचे 30-35 अंश. हा भाग आखडला की त्याचं काम मान आणि कंबर ओढतात, आणि बाई दवाखान्यात येते ती "कंबर दुखते" म्हणत. आपण फिजिओथेरपिस्टही कंबरच तपासत बसतो. मला हे चुकीचं वाटतं. आधी तिला वळायला सांगा, हात वर करायला सांगा, श्वास घेताना बरगड्यांवर हात ठेवून पाहा.

दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडण्याआधी आजींनी दोन्ही हात डोक्यावर नेले, छाती भरून श्वास घेतला, डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या. मिनिटभरही लागलं नाही. शेतमालकांना माझं एवढंच सांगणं आहे: रोवणी गुत्त्याची असो की रोजीची, हे एक मिनिट दर तासाला द्या. त्याची मजुरी कापू नका.