क्राऊन-पिनियनमागचा माणूस

उन्हाळा लागला की बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या सोसायट्यांपुढे पाण्याच्या टँकरांची रांग लागते. आउटर रिंग रोडच्या गर्दीत भरलेला टँकर जागेवरून सुटू लागला, की माझं लक्ष त्याच्या मागच्या ॲक्सलवरच्या फुगीर गोळ्याकडे जातं. शाळकरी वयात एसटीच्या डेपोत उघडा पडलेला क्राऊन, म्हणजे त्या गोळ्यातलं मोठं दातेरी चक्र, पाहिला होता, तेव्हापासूनचं हे वेड आहे. वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरावं म्हणून डिफरन्शियल लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, हेही पुस्तकांत सापडतं. पण त्या गोळ्यात ताकद नव्वद अंशांत वळवणाऱ्या जोडीचा, क्राऊन आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचा, इतिहास कुणी फारसा सांगत नाही.

त्याचा एक धागा इथून जवळच निघतो. बेळ्ळंदूरहून मारथहळ्ळी ओलांडली की दोड्डनेकुंदीची औद्योगिक वसाहत लागते. तिथे ग्लीसन वर्क्स इंडिया आहे. मूळ ग्लीसन कंपनी अमेरिकेतल्या रॉचेस्टरची. विल्यम ग्लीसनने १८७४ मध्ये बेव्हल, म्हणजे शंकूच्या आकाराचे, गिअर कापणारं यंत्र बनवलं, आणि त्याची मुलगी केट १९१४ मध्ये अमेरिकेच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची पहिली महिला पूर्ण सभासद झाली. केटवर बरंच लिहून आलंय. मला शोध होता तो १९२४ मध्ये तिथे नोकरीला लागलेल्या एका स्विस माणसाचा.

अर्नेस्ट विल्डहाबर. जन्म १८९३, शिक्षण झुरिकच्या तंत्रविद्यापीठात, १९१९ मध्ये अमेरिकेत. त्याच्या नावावर २७९ पेटंटं आहेत. हे मला नासाने १९९७ मध्ये छापलेल्या एका अहवालात मिळालं. लेखक फायडोर लिटव्हिन. सोव्हिएत संघातून शिकागोला गेलेल्या या प्राध्यापकाने गिअरच्या गणिताबरोबर ते घडवणाऱ्यांची छोटी चरित्रंही दिली आहेत. तांत्रिक अहवालात माणसांना इतकी जागा देणारा लेखक विरळा, म्हणून त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

विल्डहाबरच्या आधी पिनियनचा आस क्राऊनच्या आसाला बरोबर मधोमध छेदायचा. त्याने तो खाली सरकवला आणि दोन आस एकमेकांना भेटेनासे झाले. हाच हायपॉइड गिअर. ग्लीसनने तो १९२५ मध्ये आणला आणि पुढच्याच वर्षी पॅकार्ड कंपनीने मोटारीत बसवला. प्रोपेलर शाफ्ट खाली गेला, तशी गाडीची फरशीही खाली आली. पिनियन जाड करता आला, एका वेळी जास्त दात भिडू लागले आणि आवाज कमी झाला. पण त्याची किंमतही होती. हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घासत सरकतात. त्या दाबाखाली साधं तेल टिकत नाही. गंधक आणि फॉस्फरसची संयुगं पोलादावर संरक्षक थर धरतात, तेव्हाच दात वाचतात. गिअर-तेलाच्या जीएल-५ लिहिलेल्या डब्यात हेच रसायन असतं. ‘तेल ते तेल’ म्हणत दुसरंच काही ओतणं म्हणजे त्या दातांचा जीव घेणं.

हे दात फिरत्या कटरने कापतात. कठीण करण्यासाठी भट्टीत घातले की ते किंचित वाकतात. मग अपघर्षक लावून क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर चालवतात आणि दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरतात. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर बसाव्यात तशी ती जोडी बसते. म्हणूनच नुसता पिनियन बदलणं मला गुन्हा वाटतो. ठाण्याजवळ मुंब्र्याला भारत गिअर्समध्ये अशा जोड्या बनतात.

बसवणाऱ्याचं कौशल्य वेगळंच. दातांना मार्किंगचा रंग लावून तो क्राऊन फिरवतो आणि ठसा पाहतो. ठसा क्राऊनच्या दाताच्या शेंड्याशी आला तर पिनियन लांब आहे, मुळाशी आला तर फार आत आहे. शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून तो पिनियन आतबाहेर करतो. क्राऊन बाजूला सरकवून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, जुळवतो. हलक्या हाताने घेतलेला ठसा आतल्या टोकाकडे थोडा झुकलेला हवा, कारण भार आला की तो बाहेर सरकतो. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असत, गुणोत्तर ५.३८. या दोन आकड्यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भिडतो आणि झीज सारखी वाटली जाते.

लिटव्हिनच्या पानांत एक वादही आहे. बहिर्गोल दात अंतर्गोल दातात बसेल असे वर्तुळाकार चापाचे गिअर विल्डहाबरने सुचवले. त्याचं पेटंट १९२६ चं. १९५६ मध्ये सोव्हिएत संघात मिखाईल नोविकोवने तशाच दिसणाऱ्या दातांचे गिअर मांडले. पाश्चात्त्य पुस्तकांनी दोघांची नावं जोडून टाकली. तसे दात पुढे वेस्टलंड लिंक्स हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्येही आले. पण विल्डहाबरचे दात रेषेवर भिडतात आणि नोविकोवचे बिंदूवर. माझ्या मते हे दोन वेगळे शोध आहेत. नावं जोडल्याने दोघांवरही अन्याय झाला.

आता विजेच्या गाड्या आल्या. त्यांची मोटर बहुधा ॲक्सलला समांतर आडवी बसते, ताकद काटकोनात वळवावी लागत नाही, म्हणून क्राऊन-पिनियन तिथे नसतो. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या मोटारींतून तो आधीच गेला होता. तो उरेल टँकर आणि ट्रकसारख्या जड वाहनांत. पण डिफरन्शियलच्या पोटातले लहान बेव्हल गिअर विजेच्या गाडीतही लागतात, आणि ते ब्रोच नावाच्या एका मोठ्या कटरने, एका फेरीत एक खाच, असे झपाट्याने कापण्याची रेव्हासायकल पद्धतही विल्डहाबरचीच. आयटीआयच्या पुस्तकात पेकरशेजारी त्याचं नाव यायलाच हवं. डिफरन्शियलची गरज पेकरने ओळखली, पण तो हजारोंनी बनवता येईल आणि भाराखाली टिकेल, हे विल्डहाबरने घडवून आणलं. माझ्या लेखी दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं आहे.