मालीशचं काम शिकायचंय? फी भरण्याआधी एवढं तपासा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.

नालासोपाऱ्याहून एका ताईंचा मेसेज आला होता. बारावी झालेल्या आहेत, घर चालवायची जबाबदारी त्यांच्यावर आहे. मसाज थेरपीच्या कोर्ससाठी त्यांना ४५ हजार रुपये फी सांगितली आहे. तीन महिन्यांत ‘डिप्लोमा’, शिवाय नोकरीची हमी. त्या विचारतात, दादा, सोनं गहाण ठेवून भरू का?

होय-नाही सांगण्याआधी एक उलटा प्रश्न विचारावा लागतो: मालीश शिकून करायचं काय आहे? कारण ‘मसाज’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी कामं येतात, आणि चारांचं शिक्षण वेगळं आहे.

काम पहिलं: बाळ-बाळंतिणीची मालीश

आपल्याकडे हे काम कुणी नव्याने आणलेलं नाही. वसईच्या वाड्यांमध्ये, अर्नाळ्याच्या बाजूला बाळंतिणीला तेल लावणारी, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणारी मावशी असायचीच. आता विरारच्या टॉवरमध्ये सासू-आई गावी असतात, त्यामुळे अशा मावशीला मागणी आहे. हे काम बहुतेक जणी अनुभवी बाईच्या हाताखाली शिकतात, आणि तेच योग्य आहे. पण परंपरेतल्या काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात. बाळाच्या नाका-कानात तेल घालायचं नाही. तेल श्वासातून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. डोकं दाबून ‘आकार द्यायचा’ नाही. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटाला हात लावायचा नाही. बाळंतिणीची एकच पोटरी सुजली, दुखते आणि गरम लागते, तर चोळायचं नाही, लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. तुमचा क्लास हे शिकवत नसेल, तर तो फक्त हात कसे फिरवायचे तेवढं शिकवतोय.

काम दुसरं: स्पा

स्पामध्ये बहुतेक ठिकाणी ‘स्वीडिश’ पद्धत चालते. नाव स्वीडिश, पण तिला आजचं रूप दिलं ते योहान मेत्झगर या डच डॉक्टरांनी, एकोणिसाव्या शतकात. लांब हात फिरवणं, मळणं, घासणं, थोपटणं आणि कंप देणं, असे तिचे पाच मूळ प्रकार. या कामासाठी सरकारी कौशल्य चौकटीत ‘असिस्टंट स्पा थेरपिस्ट’ आणि ‘स्पा थेरपिस्ट’ असे ठरलेले जॉब रोल आहेत. ते ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलकडे येतात. म्हणजे क्लासवाल्याला विचारायचं: परीक्षा कोण घेणार, तुम्ही स्वतः की कौन्सिल? सर्टिफिकेटवर जॉब रोलचं नाव आणि एनएसक्यूएफची पातळी छापलेली असेल का? ‘इंटरनॅशनल डिप्लोमा’ आणि सोनेरी शिक्का, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

काम तिसरं: पंचकर्म आणि निसर्गोपचार

इथे मालीश हा उपचाराचा एक भाग असतो आणि वर वैद्य असतात. वाग्भटांनी अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा असं सांगितलं, आणि तिथेच तो कुणी टाळावा हेही सांगितलं: कफाचा विकार असलेल्यांनी, नुकतंच शोधन झालेल्यांनी, अजीर्ण असलेल्यांनी. ‘कुणाला करायचं नाही’ हे इतक्या जुन्या ग्रंथातही शिक्षणाचाच भाग आहे. पंचकर्म टेक्निशियन हा जॉब रोल हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलकडे आहे. निसर्गोपचारासाठी पुण्याची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था पाहा. डॉ. दिनशा मेहता यांच्या ज्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहायचे, त्याच जागेत ही केंद्र सरकारची संस्था १९८६ पासून चालते. तिथे उपचार-सहाय्यकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला उरुळी कांचनचा आश्रमही हे काम जवळून पाहण्यासारखा आहे. सोनं गहाण ठेवण्याआधी पुण्याला एक फोन करून प्रवेश कधी आहेत ते विचारायला काय हरकत आहे?

काम चौथं: फिजिओथेरपी

ही पदवी आहे, त्यासाठी बारावी सायन्स आणि प्रवेशपरीक्षा लागते. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या दर्जाच्या व्यावसायिकांसाठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण सांगितलं आहे. तीन महिन्यांचा कोर्स करून कुणी फिजिओथेरपिस्ट होत नाही, पाटीवर तसं लिहिता येत नाही, आणि ‘स्लिप डिस्क बरी करतो’ असं सांगणं तर सरळ धोका आहे. डॉक्टरांसारखी नोंदणी परिषद आपल्याकडे निव्वळ मसाजवाल्यांसाठी नाही. जपानमध्ये आहे: तिथे मसाजचा परवाना हवा असेल तर तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि शेकडो वर्षांपासून अंध व्यक्ती या पेशात मानाने आहेत. आपल्याकडे तशी चाळणी नसल्यामुळे ती आपणच लावायची.

आता पैशाचा हिशोब

आकडे मी समजुतीसाठी धरतोय, तुमच्या भागातले घालून बघा. समजा एका घरी बाळ-बाळंतिणीचे ४०० रुपये मिळतात. रोज तीन घरं, महिन्याला २५ दिवस: ३० हजार. रिक्षा आणि किरकोळ खर्च ६ हजार वजा केले तर २४ हजार उरले. म्हणजे फी दोन महिन्यांत सुटली, असं क्लासवाला सांगेल. पण सुरुवातीला तीन घरं कोण देणार? एकच घर मिळालं तर १० हजार, खर्च २ हजार, उरले ८. त्या हिशोबाने ४५ हजार फिटायला जवळजवळ सहा महिने, आणि तेवढे दिवस घरात एक रुपया नाही. वर गहाणाचं व्याज.

म्हणून त्या ताईंना माझं उत्तर असं: आत्ता भरू नका. आधी महिनाभर एखाद्या अनुभवी मावशींबरोबर दोन-तीन घरी जा. हे काम आपल्याला झेपतं का, आवडतं का, ते तिथेच कळेल. मग क्लासमध्ये जाऊन एक पूर्ण दिवस बसू द्या म्हणून सांगा. प्रत्यक्ष हाताने किती तास शिकवणार, किती वेगवेगळ्या माणसांवर सराव होणार, शिकवणाऱ्याचं स्वतःचं शिक्षण काय, मध्येच सोडलं तर किती पैसे परत, हे कागदावर मागा. जो लिहून द्यायला टाळाटाळ करतो, त्याची नोकरीची हमीही तशीच असते.

दोन गोष्टी ज्या जाहिरातीत नसतात

पहिली, तुमचं स्वतःचं शरीर. या कामात सगळ्यात आधी जातात अंगठे आणि मनगटं, मग कंबर. चांगला शिक्षक पहिल्या आठवड्यात टेबलची उंची, पायांची ठेवण आणि शरीराचं वजन वापरून दाब देणं शिकवतो. नुसत्या अंगठ्याने दाबत राहिलात तर हात लवकर दुखायला लागतील, आणि हात गेला की धंदा गेला.

दुसरी, सुरक्षितता. काम सुरू करण्याआधी काय करणार ते सांगायचं, ज्या भागावर काम नाही तो चादरीने झाकायचा, आणि नको ती मागणी झाली की सामान उचलून निघायचं. पैसे बुडाले तरी चालतील. नवीन पत्त्यावर जाताना घरच्यांना लोकेशन पाठवा. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात कामासाठी गेलेलं घरसुद्धा ‘कामाची जागा’ धरलं आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. आपल्यासाठी ती पालघरला. तातडीला ११२ लावा. स्पाच्या नोकरीत मालकाने आधार कार्ड किंवा मार्कशीट मूळ प्रतीत ‘ठेवून घेतो’ म्हटलं, तर ती नोकरी नको. झेरॉक्स द्या.

तुमच्याकडे एखाद्या क्लासचं माहितीपत्रक असेल तर वर सांगितलेले प्रश्न घेऊन ते एकदा वाचा, आणि काय उत्तरं मिळाली ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात बाळंतिणीच्या मालीशचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या एका मावशींशी गप्पा आहेत. त्यांना काही विचारायचं असेल तर रविवारपर्यंत व्हॉइस मेसेज पाठवा. भेटूया.