डोळे उडी कधी मारणार?

हा अंक डोळ्यांसमोर धरा आणि भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरं पुसट झाली ना? आता अंक स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगानं मान हलवा. अरेच्चा, वाचता येतंय की!

हलत्या अंकामागे धावायचं तर डोळ्यांना आधी तो कुठे गेला ते बघावं लागतं. त्यात सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो, तोवर अंक पुढे पळालेला असतो. मान हलते तेव्हा मात्र कानाच्या आत वळणदार नलिकांमधला द्रव जरा मागे रेंगाळतो आणि मेंदूला लगेच खबर लागते. साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे मानेच्या उलट दिशेला वळलेले असतात. म्हणजे वाचण्यात कानाचाही हात!

अमेरिकेतले डेव्हिड रॉबिन्सन मूळचे विद्युत अभियंता. त्यांनी डोळ्यांच्या या हालचाली चक्क समीकरणांत मांडल्या. कान कळवतो तो मानेचा फक्त वेग. पण मान थांबली, वेग शून्य झाला, तरी वळलेले डोळे तिथेच टिकून राहतात. ते कसे? त्या वेगाची सतत बेरीज करणारं काहीतरी मेंदूत असायलाच हवं, असं गणितातून निघालं. आणि पुढे मेंदूच्या तळाशी तशा पेशी खरोखर सापडल्या!

इतकं जमलं, तरी एक गोष्ट अजून हुलकावणी देते. आगगाडीत खिडकीबाहेर बघणाऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांकडे बघा. (घरच्याच माणसाच्या. अनोळखी माणसं रागावतात.) बुबुळं मागे पळणाऱ्या खांबाबरोबर सरकतात, मग झटकन पुढे उडी मारतात, पुन्हा सरकतात. याचा आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतात. पण दाते एकसारखे नसतात. गाडी फार वेगात नसेल तर डोळे किती वेगानं सरकतील हे बरंचसं आधी सांगता येतं. उडीचं तसं नाही. तोच माणूस, तोच वेग, तरी कधी लवकर उडी, कधी उशिरा. म्हणून शास्त्रज्ञ आपल्या गणितात मुद्दाम थोडी अनिश्चितता मिसळतात. मग लवकरच्या उड्या साधारण किती आणि उशिराच्या किती, एवढा अंदाज येतो. पुढची उडी नेमकी कुठल्या क्षणी, ते मात्र नाही.

आणि त्या प्रवाशालाच विचारलंत तर तो म्हणेल, "उड्या? छे! मी तर निवांत बाहेर बघतोय."